वावरात प्लॉट घ्यायचा, की जुन्या इमारतीच्या जागी नवी बांधायची?

प्रश्न थोडक्यात असा: पश्चिम नागपुरात, सुभाषनगर मेट्रो स्टेशनपासून पायी पंधरा मिनिटांवर, १९९२ साली बांधलेली इमारत. खाली पार्किंग, वर तीन मजले, बारा फ्लॅट, लिफ्ट नाही. पत्र लिहिणाऱ्या ताई शिक्षिका आहेत. तिसऱ्या मजल्यावर ६२० चौरस फूट कार्पेटच्या फ्लॅटमध्ये त्या पती, दोन मुलं आणि ७१ वर्षांच्या सासूबाईंसोबत राहतात. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे त्या आठवडे न् आठवडे खाली उतरत नाहीत. एका बिल्डरने इमारत पाडून सात मजली बांधायचा प्रस्ताव आणला आहे. प्रत्येकाला २० टक्के जास्त कार्पेट आणि काम पूर्ण होईपर्यंत भाडं द्यायला तो तयार आहे. पतीचं म्हणणं वेगळं आहे. हा फ्लॅट ३८ लाखांना विकायचा, हिंगणा तालुक्यात १८ किलोमीटरवर २,००० चौरस फुटांचा प्लॉट २८ लाखांत घ्यायचा, उरलेल्या पैशात आणि कर्जात स्वतःचं घर बांधायचं. ५१ हजारांचं टोकन देऊन झालं आहे, पावती कच्ची आहे. जिथे हा ले-आऊट पडला आहे, तिथे मागच्या हंगामापर्यंत तूर आणि कपाशी होती. त्यातच कळमेश्वर तालुक्यातल्या माहेरच्या तीन एकर संत्र्याच्या बागेला एक ले-आऊटवाला मागणी घालतो आहे आणि भाऊ तयार आहे. ताई विचारतात: “शहरात मजल्यांवर मजले चढवून गर्दीत राहायचं की मोकळ्यावर जायचं? आणि गेलो, तर बाबांसारख्याच कुणाची तरी शेती आपण संपवतोय ही टोचणी खरी की उगाच?”

ताई,

टोचणी उगाच नाही. पण तिच्यावर निर्णय घेऊ नका. आधी हिशेब करू, कारण या प्रकरणात हिशेब आणि टोचणी दोन्ही एकाच बाजूला झुकतात, आणि घरातल्या माणसाला हिशेब पटवणं सोपं जातं.

तुमची इमारत साधारण ६,००० चौरस फुटांच्या प्लॉटवर उभी आहे, म्हणजे साडेपाच गुंठ्यांवर बारा कुटुंबं. हीच बारा कुटुंबं २,००० फुटांच्या प्लॉटवर राहायला गेली तर किती जमीन लागेल? एक एकर म्हणजे ४० गुंठे, ४३,५६० चौरस फूट. त्यातून ले-आऊटचे रस्ते आणि मोकळी जागा सोडली की विकायला पंचावन्न ते साठ टक्के उरते. एकरात बारा, फार तर तेरा प्लॉट. साडेपाच गुंठ्यांत मावणाऱ्या लोकांना चाळीस गुंठे लागतात. प्रत्येक प्लॉटची रुंदी ४० फूट आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा प्लॉट धरले, तर बारा घरांसाठी २४० फूट रस्ता, तेवढीच पाण्याची लाईन, तेवढीच गटार आणि विजेचे खांब. तुमच्या इमारतीपुढे हेच सगळं जेमतेम ६० फूट आहे. २८ लाखांचा प्लॉट स्वस्त का वाटतो, याचं उत्तर इथे आहे. त्या २४० फुटांतलं बरंचसं अजून कुणी टाकलेलंच नाही. ते पुढे कधीतरी कुणीतरी टाकेल, आणि तोवर त्याचा खर्च तुम्ही टँकर, बोअर, सेप्टिक टँक आणि पेट्रोलच्या रूपाने भरत राहाल.

पत्रात एक वाक्य आहे, “फ्लॅट म्हणजे हवेतलं घर, प्लॉट म्हणजे आपली जमीन.” नागपुरात हे इतक्या वेळा ऐकायला मिळतं की ते तपासून पाहायचं कुणाच्या मनात येत नाही. नागपुरातल्या बहुतेक इमारती सहकारी सोसायटीखाली नाहीत, त्या १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली आहेत. तुमचं अपार्टमेंट डीड काढून बघा. त्यात जमिनीतला अविभक्त हिस्सा टक्क्यांत लिहिलेला असतो. बारा सारखे फ्लॅट असतील तर तो सुमारे ५०० चौरस फूट भरेल. म्हणजे पश्चिम नागपुरात, नळ आणि गटार असलेल्या रस्त्यावर तुमची ५०० फूट जमीन आज आहे. जो माणूस तुमचा ३४ वर्षांचा, लिफ्ट नसलेला फ्लॅट ३८ लाखांना घ्यायला तयार आहे, तो भिंतींचे पैसे देत नाही, या हिश्श्याचे आणि येणाऱ्या नव्या इमारतीचे देतो आहे. पुनर्विकासाची बोलणी सुरू असताना विकणं म्हणजे हे सगळं त्याच्या हाती देणं.

आता तो हिंगण्याचा प्लॉट. पत्रात तुम्ही “एनए होणार आहे”, “ग्रीन झोन आहे पण लवकरच यलो होतोय” आणि “नवीन नागपूर शेजारीच” अशी विक्रेत्याची तीन वाक्यं दिली आहेत. (एनए म्हणजे बिगरशेती; ग्रीन झोन म्हणजे शेतीचा विभाग, यलो म्हणजे निवासी.) एकेक घेऊ.

एनएमआरडीए, म्हणजे नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, २०१७ साली झाली आणि शहराभोवतीची ७१९ गावं तिच्या कक्षेत आली. त्या क्षेत्राचा विकास आराखडा मंजूर आहे आणि त्यात प्रत्येक खसऱ्याचा, म्हणजे जमिनीच्या गटाचा, झोन ठरलेला आहे. झोन बदलायचा तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ ची प्रक्रिया लागते: जाहीर नोटीस, हरकती-सूचनांसाठी महिनाभराची मुदत, मग शासनाची मंजुरी. तो बदल एखाद्या विक्रेत्याच्या ओळखीने होत नाही, आणि कुणी होतो म्हणत असेल तर त्याला एवढंच विचारा: “नोटीस कोणत्या तारखेची? प्रत द्या.” प्रत नसेल तर तो भाग शेतीचाच आहे आणि तिथले “प्लॉट” हे कायद्याच्या भाषेत शेतीचे तुकडे आहेत.

शेतीचे तुकडे पाडायलाही मर्यादा आहे. १९४७ चा तुकडेबंदी कायदा त्यासाठीच आहे. २०२३ मध्ये शासनाने बहुतेक जिल्ह्यांसाठी जिरायतीला २० आणि बागायतीला १० गुंठे असं प्रमाणभूत क्षेत्र ठरवलं. २,००० चौरस फूट म्हणजे दोन गुंठेसुद्धा नाहीत. अलीकडे जुन्या व्यवहारांना सवलती मिळाल्या आहेत, पण त्या बिगरशेती वापरासाठी राखलेल्या क्षेत्रांतल्या झालेल्या व्यवहारांच्या आहेत. शेती विभागात आज नवा तुकडा पाडायला त्यांचा आधार नाही. “पुढे गुंठेवारीत नियमित होईल” हेही ऐकायला मिळेल. २००१ च्या गुंठेवारी कायद्याची, म्हणजे अनधिकृत छोटे प्लॉट नियमित करायच्या कायद्याची, मुदत २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवली गेली. ज्या वावरात गेल्या हंगामात तूर उभी होती, ते त्यात बसत नाही.

हे लोक यातून वाट काढतात ती “फार्महाऊस प्लॉट” म्हणून. चार-पाच अनोळखी माणसांची नावं मिळून एका एकराच्या सातबाऱ्यावर चढवतात, प्रत्येकाला “तुमचा हा कोपरा” म्हणून चुना टाकून दाखवतात. कागदावर तो कोपरा तुमचा नसतो, तुम्ही पूर्ण एकरात अविभक्त हिस्सेदार असता. उद्या एकाने कर्ज थकवलं किंवा वाटणीचा दावा लावला की सगळे अडकतात. शिवाय फार्महाऊसला किमान ०.४ हेक्टर, म्हणजे जवळपास पूर्ण एकर लागतो, आणि विदर्भाच्या १९५८ च्या कूळ कायद्यानुसार शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घ्यायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. तुमच्या पतीच्या नावावर कुठे शेती आहे का, हे पत्रात नाही. नसेल तर हा मुद्दा पहिला.

“नवीन नागपूर”चं म्हणाल, तर सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने हिंगणा तालुक्यात गोधनी आणि लाडगाव इथल्या सुमारे ६९२ हेक्टरवर व्यापार केंद्र आणि शहराभोवती १४८ किलोमीटरचा बाह्य वळणमार्ग मंजूर केला आहे, हे खरं. पण तो मार्ग १२० मीटर रुंद आहे. “शेजारी” म्हणवणारी जमीन शेजारी आहे की त्या पट्ट्यातच आहे, हे खसरा क्रमांकानेच कळतं. मोठ्या प्रकल्पाजवळची जमीन घेताना लोक भाववाढीचा विचार करतात, भूसंपादनाचा करत नाहीत.

म्हणून प्लॉटबद्दल पुढचं पाऊल टाकण्याआधी मौजा, खसरा क्रमांक आणि पटवारी हलका क्रमांक, हे तीन मागा. जो हे द्यायला वेळ लावतो, त्याच्याकडे पुन्हा जायचं कारण नाही. ते हातात आले की एनएमआरडीएतून झोन दाखला आणि भाग नकाशा काढा. महाभूलेखवरून सातबारा आणि आठ-अ बघा, फेरफार वाचा, भोगवटादार वर्ग-२ असं लिहिलं आहे का ते बघा. तसं असेल तर परवानगीशिवाय विक्री टिकत नाही. ले-आऊटचा मंजूर नकाशा मागा, आणि मंजुरी तात्पुरती आहे की अंतिम ते जावक क्रमांकासह तपासा. तात्पुरत्या मंजुरीवर विक्री करणारे पुष्कळ आहेत. रस्ते, नाल्या, खांब झाल्याशिवाय अंतिम मंजुरी आणि आरएल (प्लॉट मोकळा झाल्याचं रिलीज लेटर) मिळत नाही. आणि एकदा प्लॉट विकले गेले की विक्रेत्याला ही कामं करायची घाई उरत नाही. शहरातल्या नियमित करायला घेतलेल्या ५७२ आणि १९०० अनधिकृत ले-आऊटमधल्या लोकांनी रस्त्यासाठी आणि गटारीसाठी किती वर्षं वाट पाहिली, हे प्रत्येक नागपूरकराला ठाऊक आहे. नाल्याकाठचा प्लॉट असेल तर पूररेषा विचारा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. उन्हाळ्यात कोरडा दिसणारा नाला पाहून प्लॉट घेऊ नये.

टोकनचं काय करायचं? ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या आणि आठपेक्षा जास्त प्लॉटच्या ले-आऊटला महारेराची, म्हणजे घर-प्लॉटच्या प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची, नोंदणी लागते. नोंदणीशिवाय जाहिरात करता येत नाही आणि पैसेही घेता येत नाहीत. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचं नाव शोधा. नसेल तर विक्रेत्याला लेखी पत्र द्या, व्हॉट्सॲपवरही त्याचा फोटो पाठवा, की नोंदणी क्रमांक आणि झोन दाखला सात दिवसांत द्या, नाहीतर टोकन परत करा. रोखीने दिलं असेल तर त्याची कबुली त्या संभाषणातच मिळवा. इसारपत्र करायला बोलावलं तर जाऊ नका. ५१ हजार अडकले म्हणून २८ लाख अडकवणं, ही या व्यवहारांतली सगळ्यात नेहमीची चूक आहे.

समजा, कागद सगळे चोख निघाले. तरीही घर बांधताना तीन गोष्टी समोर येतील.

पहिली माती. कपाशीला जी काळी माती सोन्यासारखी, तीच घराला त्रासाची. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि वर्षा-दोन वर्षांत भिंतीला तिरप्या चिरा पडतात, दारं अडकायला लागतात. पाया काळ्या मातीत थांबवायचा नसतो, खाली मुरूम लागेपर्यंत जायचं, किंवा खाली फुगीर बल्ब असलेले पाईल घेऊन वर बीम टाकायचे. आणि जोत्यात खोदलेली काळी माती परत भरू द्यायची नाही. कंत्राटदार ती भरतात, कारण ती तिथेच पडलेली असते आणि मुरमाचा ट्रक विकत आणावा लागतो. मग फरशी मधून वर येते. तुमच्या अंदाजपत्रकात पायाच्या खर्चाचा आकडा कुठल्या खोलीपर्यंतचा आहे, ते विचारा. बहुधा खड्डा न घेताच तो लिहिलेला असेल.

दुसरी गोष्ट सांडपाणी. गटार नाही म्हणजे सेप्टिक टँक आणि शोषखड्डा, आणि पाण्याची लाईन नाही म्हणजे बोअर. शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून निदान १५ ते १८ मीटर लांब हवा. तुमचा प्लॉट ४० बाय ५० फूट, म्हणजे १२ बाय १५ मीटर. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजलं तरी जेमतेम १९ मीटर भरतात, मधे घर आणि पलीकडे शेजाऱ्याचा शोषखड्डा. प्रत्येकाने स्वतःच्या प्लॉटवर सगळं नियमात केलं तरी ले-आऊट म्हणून ते नियमात बसत नाही. त्यात काळी माती पाणी शोषत नाही, त्यामुळे पावसाळ्यात खड्डा तुंबून वर येतो. अशा ठिकाणी बोअरचं पाणी पिण्याआधी तपासून घ्यावंच लागतं.

तिसरी गोष्ट अंतर. १८ किलोमीटर जाऊन-येऊन ३६, महिन्याचे २६ दिवस म्हणजे ९३६ किलोमीटर. दुचाकीला ४५ चं ॲव्हरेज धरलं तर एका माणसामागे महिन्याला २१ लिटर पेट्रोल. तुम्ही शाळेत, पती सीताबर्डीला कामावर, म्हणजे हे दुप्पट. रोजचे दीड तास धरले तर महिन्याला ३९ तास प्रत्येकी. मुलांचे क्लास आणि सासूबाईंचे डॉक्टर त्यात धरलेलेच नाहीत. सासूबाईंना जिना नको म्हणून तुम्ही जमिनीवरचं घर शोधताय, हे मला समजतं. पण त्यांना खाली उतरता आलं तरी जायचं कुठे? तिथे ना ओळखीचं कुणी, ना भाजीवाला, ना मंदिर. त्यांना गरज लिफ्टची आहे.

आता इमारतीकडे येऊ. पुनर्विकासाला मी डोळे मिटून हो म्हणणार नाही. तोही फसतो, आणि फसतो तेव्हा बारा कुटुंबं भाड्याच्या घरात लटकतात.

सगळ्यात आधी रस्ता मोजा. म्हणजे महापालिकेतून किंवा नागपूर सुधार प्रन्यास या विकास संस्थेकडून आराखड्यातली मंजूर रुंदी काढा, डांबराची रुंदी मोजू नका. डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत, गावठाणाबाहेरच्या भागात मूळ एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण, १.१० आहे. रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर तेवढ्यावरच थांबायचं. ९ ते १२ मीटरला प्रीमियम (पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय) आणि टीडीआर (दुसऱ्या जमिनीवरून विकत आणलेला बांधकामाचा हक्क) धरून २.०० पर्यंत जाता येतं, १२ ते १५ मीटरला २.२५ पर्यंत. त्यावर निवासी इमारतीला जिना, लिफ्ट, बाल्कनी वगैरेंसाठी ६० टक्के पूरक एफएसआय. तुमच्या ६,००० फुटांना हे लावून पाहा. १२ मीटरच्या रस्त्यावर १३,५०० आणि त्यावर ६० टक्के, म्हणजे २१,६०० चौरस फूट. बारा जुन्या सदस्यांना २० टक्के वाढीव कार्पेट द्यायला जिन्या-लिफ्टसकट अंदाजे १२,००० फूट लागतील. बिल्डरला विकायला साडेनऊ हजार उरतात, म्हणजे सात-आठ फ्लॅट. त्यातून त्याने बांधकाम, प्रीमियम, टीडीआर, तुमचं भाडं आणि स्वतःचा नफा काढायचा. जमतं, पण ओढून-ताणून. ९ मीटरच्या रस्त्यावर १९,२०० होतात आणि २० टक्क्यांचं आश्वासन डळमळायला लागतं. ९ पेक्षा कमी असेल तर १०,५६० वर गाडी थांबते. तिथे ३० वर्षांवरच्या इमारतींना मिळणारी वाढ, म्हणजे आजच्या अधिकृत बांधकामाच्या ३० टक्के किंवा फ्लॅटमागे १५ चौरस मीटर यांतलं जे जास्त ते, मदतीला येते, पण सात मजले त्यातून होत नाहीत. “अधिकृत” हा शब्द लक्षात ठेवा. बंद केलेलं पार्किंग आणि गच्चीवरची खोली त्यात धरत नाहीत.

बिल्डरने “मेट्रोमुळे ४ एफएसआय” सांगितल्याचं तुम्ही लिहिलंय. ती सवलत मेट्रो मार्गाच्या दोन्ही बाजूंना ५०० मीटरच्या पट्ट्यात, आणि तीही रस्त्याची रुंदी आणि प्लॉटचा आकार पाहून. पायी पंधरा मिनिटं म्हणजे किलोमीटरच्या वर. तुम्ही बहुधा त्या पट्ट्यात नसाल, पण स्टेशनपासूनचं नव्हे, मेट्रो मार्गापासूनचं अंतर नकाशावर मोजून खात्री करा. जो बिल्डर पहिल्याच बैठकीत हा आकडा फेकतो, त्याने नियम वाचलेला नाही किंवा तुम्ही वाचणार नाही असं तो धरून चाललाय. शिवाय इमारत जितकी उंच, तितकी सामासिक अंतरं, म्हणजे इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा, वाढतात. ६,००० फुटांच्या प्लॉटवर कागदावरचा सगळा एफएसआय प्रत्यक्षात उतरतोच असं नाही. म्हणून बिल्डरचा आर्किटेक्ट चालणार नाही. बाराजणांनी वर्गणी काढून स्वतःचा आर्किटेक्ट नेमा आणि त्याच्याकडून व्यवहार्यता अहवाल घ्या. या एका कागदावर पुढचं सगळं बोलणं उभं राहतं.

त्याच्या जोडीला स्ट्रक्चरल ऑडिट. नुसतं फिरून फोटो काढणारं नको. हातोड्याची आणि अल्ट्रासोनिक चाचणी, काँक्रीटचे कोअर, सळ्यांच्या गंजाची तपासणी हवी, विशेषतः पार्किंगमधल्या कॉलमच्या पायथ्याशी, जिथे वर्षानुवर्षं गाड्या धुतल्या जातात. कदाचित असं निघेल की इमारत दुरुस्तीने अजून पंधरा वर्षं चालेल. मग तिसरा पर्याय उघडतो. ऑडिट करणाऱ्या इंजिनीअरची हरकत नसेल आणि सामासिक अंतरात बसत असेल, तर बाहेरच्या बाजूने स्वतंत्र लोखंडी सांगाड्याची लिफ्ट मंजुरी घेऊन बसवता येते. बाराजणांत विभागला तर तो खर्च नव्या घराच्या पायाइतकाही नसेल.

जमीन सुधार प्रन्यासच्या भाडेपट्ट्याची आहे का, तेही बघा. नागपुरात अशा जमिनी बऱ्याच आहेत. पट्टा संपलेला असेल, भूभाटक (जमिनीचं भाडं) थकलेलं असेल, तर नूतनीकरण झाल्याशिवाय नकाशा मंजूर होत नाही, आणि हे बिल्डरने घर रिकामं करून घेतल्यावर लक्षात येणं फार महागात पडतं. अपार्टमेंट कायद्यात २०१८ च्या दुरुस्तीनंतर पुनर्विकासाला बहुमताची संमती पुरते. तरी कायद्यावर विसंबून एखाद्या शेजाऱ्याला बाजूला टाकू नका. अडून बसलेल्या माणसाला बाहेर काढायला शेवटी कोर्टच लागतं, आणि बिल्डरचं व्याज तुमच्या भाड्यातून वसूल होतं.

करारात काय हवं? विकास करारनामा नोंदणीकृत, आणि प्रत्येक सदस्याबरोबर स्वतंत्र कायम पर्यायी जागेचा करारही नोंदणीकृत, मजला, फ्लॅट क्रमांक, रेराच्या व्याख्येतलं कार्पेट आणि पार्किंगच्या जागेसकट. सहकारी सोसायट्यांसाठीच्या शासनाच्या नियमांत प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक हमी सांगितली आहे. अपार्टमेंटला ती बंधनकारक नसली तरी मागा. बांधकाम परवाना हातात आल्याशिवाय एकानेही घर रिकामं करायचं नाही. भाडं बारा महिन्यांचे पुढच्या तारखेचे चेक घेऊन, आणि मुदत टळली तर वाढीव दराने. मुखत्यारपत्रात तुमचे बारा फ्लॅट गहाण टाकायचा अधिकार देऊ नका. विकायचे फ्लॅट तो गहाण टाको, तुमचे नाही. तुमचा प्लॉट ५५७ चौरस मीटरचा आणि नव्या इमारतीतले फ्लॅट आठपेक्षा जास्त असल्याने विक्रीच्या भागाला महारेरा नोंदणी लागेल. भोगवटा प्रमाणपत्राशिवाय ताबा घेऊ नका.

गर्दीची भीती तुम्ही लिहिलीत, ती रास्त आहे. पण तीही मोजता येते. बाराची वीस कुटुंबं झाली, घरटी चार-पाच माणसं आणि माणशी रोज १३५ लिटर धरलं तर दिवसाला बारा हजार लिटर पाणी लागेल. दोन दिवसांची जमिनीखालची टाकी मागा, २५ हजार लिटरची. गच्ची ३२५ चौरस मीटर असेल आणि वर्षाचा पाऊस १,००० मिलीमीटर धरला, तर वाया जाणारं सोडून अडीच लाख लिटर पाणी छतावरून मिळतं. ते बोअरमध्ये पुनर्भरण करायची व्यवस्था नकाशात दाखवलेली हवी, आणि भोगवट्याच्या वेळी प्रत्यक्षात जाऊन बघायची. इमारतीपासून मुख्य गटारीपर्यंतचा जुना सहा इंची चिनीमातीचा पाईप वीस घरांना पुरणार नाही, तो बदलायचं करारात लिहा. हे हमखास राहून जातं. तळघरातलं पार्किंग घेऊ नका. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी ओसंडला तेव्हा पश्चिम नागपुरात घराघरांत पाणी कसं शिरलं, ते आपण पाहिलं आहे.

आणि पतीला खरोखर जमिनीवरचंच घर हवं असेल, तर त्यांच्या या इच्छेला नाही म्हणू नका. फक्त जागा बदला. मनीषनगर, बेसा, नरेंद्रनगर, वाठोडा या पट्ट्यांत आरएल मिळालेले, नळ-गटार आलेले, आणि वीस वर्षांपासून गवत वाढलेले प्लॉट आहेत. मालक पुण्यात किंवा परदेशात. २,००० ऐवजी १,००० फूट मिळेल, पण तिथे घर बांधताना कुणाचं वावर मोडावं लागत नाही आणि रस्ता आधीच झालेला असतो. १,००० फुटांवर तळमजला आणि वर दोन मजले, खालची खोली सासूबाईंना.

आता माहेर. संत्रा सहा बाय सहा मीटरवर लावला तर एकरी ११० झाडं, तीन एकरांत सव्वातीनशे. फळ धरायला पाच-सहा वर्षं लागलेली ही बाग आहे. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते काटोल, कळमेश्वर, नरखेडच्या याच मातीमुळे. पण हे बाबांना सांगायची गरज नाही, त्यांना ठाऊक आहे. त्यांना सांगायचं ते वेगळं आहे. ले-आऊटवाला बहुतेक वेळा जमीन विकत घेत नाही. थोडी रक्कम देऊन करारनामा आणि कुलमुखत्यारपत्र घेतो, बाकी पैसे “प्लॉट विकतील तसे”. विक्रीपत्रांवर विकणारा म्हणून नाव बाबांचं राहतं. झोन शेतीचा निघाला आणि प्लॉटवाल्यांनी तक्रार केली, तर पोलीस ठाण्यात बोलावणं सातबाऱ्यावरच्या माणसाला येतं. म्हणून कुलमुखत्यारपत्र कुणालाही द्यायचं नाही, एवढं आधी घरात ठरवून टाका. विकायचंच ठरलं तर पूर्ण रक्कम घेऊन, थेट नोंदणीकृत विक्रीपत्राने, एकाच खरेदीदाराला.

भावाला पैसा कशासाठी हवा आहे, हे त्याला नीट विचारा. कर्ज असेल तर त्याचा आकडा आणि व्याज, मुलाचं शिक्षण असेल तर वर्षाला किती. बाग करायला माणूस मिळत नाही असं असेल तर ती ठोक्याने (ठरलेल्या रकमेवर) किंवा बटईने (उत्पन्नाच्या वाट्यावर) लेखी करारावर देता येते, आणि बाग जुनी होऊन खराब झाली असेल तर नागपुरातल्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत पानं आणि माती घेऊन जायला हवं. तीन एकर एकदम द्यावे लागतील इतकी गरज क्वचितच निघते. आणि हक्कसोडपत्रावर सही मागितली तर लगेच करू नका. जमीन वडिलोपार्जित असेल तर २००५ च्या दुरुस्तीनंतर तुमचाही त्यात हिस्सा आहे, बाबांनी स्वतः घेतलेली असेल तर निर्णय त्यांचा. जुने फेरफार काढले की हे एका दिवसात कळतं. तेवढा दिवस भावाबरोबर तलाठ्याकडे जा, एकटीने जाऊ नका, म्हणजे त्याला तो अविश्वास वाटणार नाही.